पिल्लांच्या शेडमधला हीटर: वायर आणि एमसीबीची जोडी जुळवा

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश ऊब लागते. त्यामुळे थंडीत शेडमधला हीटर रात्रभर चालतो. मध्यरात्री एमसीबी पडतो आणि वैतागून आपण 16 चा काढून 32 चा बसवतो. पडायचं थांबतं, पण वायर तापतच राहते. खाली भाताचं तूस, बाजूला ताडपत्री. आग लागली तर अख्खी बॅच जाईल.

👉 एमसीबी हीटरच्या नाही, वायरच्या रक्षणासाठी असतो. म्हणून हीटरचे अँपिअर सगळ्यात कमी, एमसीबी त्याच्या वर आणि वायरची ताकद एमसीबीपेक्षा जास्त हवी.

हिशोब सोपा आहे. हीटरच्या पाटीवरच्या वॅटला 230 ने भागा.

🔹 2000 वॅट: साधारण 9 अँपिअर. तांब्याची 2.5 चौरस मिमी वायर, 16 अँपिअरचा एमसीबी.
🔹 3000 वॅट: साधारण 13 अँपिअर. तांब्याची 4 चौरस मिमी वायर, 20 अँपिअरचा एमसीबी. हा हीटर प्लगवर नको, डबल पोल स्विचवर थेट जोडून घ्या.

एका लाइनवर एकच हीटर. दुसरा घेतला तर त्याची वायर आणि एमसीबी वेगळा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर एक साइज मोठी घ्या.

📏 शेड मीटरपासून लांब असेल तर अंतरही बघा. 3000 वॅटचा हीटर 50 मीटरवर असेल, तर 2.5 च्या वायरीत जवळपास 10 व्होल्ट वाटेतच जातात, 4 च्या वायरीत 6. लांब अंतराला जाड वायरच परवडते.

एमसीबी वारंवार पडतोय? मोठा बसवू नका. त्या लाइनवर अजून काय चालू आहे ते बघा. प्लग काळा पडलाय का, स्क्रू सैल आहेत का, हे मेन बंद करून वायरमनकडून तपासून घ्या.

⚠️ एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि हीटरच्या बॉडीला अर्थिंग हवंच. शेडमध्ये पाणी सांडतं, हे विसरू नका.

नवीन बॅच टाकायच्या आधी हीटर दोन तास चालवा. मग मेन बंद करून वायर आणि प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर आधी दुरुस्ती, मग पिल्लं.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी