आषाढात काय फुललंय ते पाहा

बारमाही फुलझाडं घ्यायची असतील तर नर्सरीत जानेवारीत जाऊ नये. त्या महिन्यात पुण्यात सगळंच फुललेलं असतं. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन लागतं, सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांच्या दारात पेटुनिया, डायन्थस, पॅन्सी, डेलिया यांचे पट्टेच्या पट्टे मांडलेले असतात, आणि पाहणारा भुलतो. यातली बहुतेक झाडं हंगामी, किंवा हंगामी म्हणूनच वाढवलेली. मार्चचं ऊन चढलं की ती माना टाकतात आणि कुंडी रिकामी होते. ज्यांना दरवर्षी नवी रोपं लावायची हौस आहे त्यांनी ती जरूर घ्यावीत. पण ‘एकदा लावलं की फुलत राहील’ असं काही हवं असेल, तर मी ओळखीच्यांना आषाढात चला म्हणते. पाऊस लागून राहिलेला, सूर्य आठवड्यातून कधी तरी दिसणारा, नर्सरीच्या वाटांवर घोट्याएवढा चिखल. अशा दिवसांत ज्या पिशवीतल्या रोपावर फूल आहे, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

जमलं तर एक चक्कर मे महिन्याच्या मध्यावरही मारावी, दुपारी नाही तर सकाळी लवकर. दोन्ही वेळा फुललेली दिसतील ती नावं लिहून घ्यावीत. माझ्या वहीतली अशी नावं: साधी लाल जास्वंद, तगर, एक्झोरा, हॅमेलिया, निळा चित्रक, टर्नेरा. सदाफुली मे महिन्यात भर उन्हात हसत असते, पण सततच्या पावसात तिची मुळं कुजतात आणि उभी फांदी काळी पडून बसते. तिला आडोसा लागतो. बोगनवेल मे महिन्यात रंगाने ओसंडते आणि आषाढात नुसती पानं काढते. म्हणजे या दोघींना वर्षभर उमेदवारीवर ठेवायचं असेल, तर जागा त्यांच्या कलाने द्यायची.

आमच्या ओळखीचे एक नर्सरीवाले काका आहेत. त्यांच्याकडे येणारी बहुतेक माणसं एकच वाक्य बोलतात. “काका, बारा महिने फुलेल असं काहीतरी द्या.” काकांचं उत्तरही ठरलेलं. “देतो की ताई. आधी सांगा, ऊन किती तास येतं आणि कुठल्या बाजूनं?” बरेच जण इथे अडखळतात. मग काका झाड दाखवत नाहीत, फांदी दाखवतात. ती पाहायला मी मुद्दाम थांबते.

जास्वंदीची एखादी जोमदार फांदी शेंड्याकडून खाली पाहत यावी. टोकाला चकचकीत कोवळी पानं. त्यांच्या बगलेत दिसेल न दिसेल अशी हिरवी कळी. दोन पानं खाली ती जरा फुगलेली, त्याखाली बोटाच्या पेराएवढी, आणि त्याच्याही खाली उद्या उमलणारी, जिच्या हिरव्या पाकळीतून लाल टोक बाहेर आलंय ती. तिच्या खाली आजचं फूल. आणखी खाली गेलं की पानाच्या बगलेत फक्त देठ गळून पडल्याची खूण. ही फांदी वाचता आली की झाडाचा सगळा हिशोब कळतो. जास्वंदीचं फूल एरवी एका दिवसाचं. थंडीत कधी कधी ते दुसऱ्या दिवशीही टिकतं, एवढंच. तरी झाड रोज फुललेलं दिसतं, कारण वरून नवं पान फुटतं आणि त्या पानाबरोबर नवी कळी येते. ज्या बगलेत एकदा फूल येऊन गेलं तिथे पुन्हा येत नाही. त्यामुळे फांदी वाढायची थांबली, की पुढच्या काही आठवड्यांत फूलही थांबतं.

म्हणून काका गिऱ्हाइकाला फुलं मोजू देत नाहीत, शेंडे मोजायला लावतात. एकाच उंच काडीवर चार टपोरी फुलं असलेलं रोप आणि बुंध्यापासून पाच-सहा फांद्या फुटलेलं पण आज फक्त एक फूल असलेलं रोप समोर ठेवलं, तर दहातले नऊ जण पहिलं उचलतात. दुसरं घ्यावं. प्रत्येक शेंडा स्वतःची कळ्यांची ओळ घेऊन येणार आहे. तसंच मोठ्या फुलांच्या, दोन-तीन रंग मिसळलेल्या संकरित जास्वंदींपेक्षा आपली पाच पाकळ्यांची गावठी लाल जास्वंद किती तरी जास्त फुलं देते, पावसात टिकते आणि पिठ्या ढेकणाचा हल्ला झाला तरी सावरते. संकरित फूल सुंदर असतं, यात वादच नाही. पण देवाला रोज एक लाल फूल हवं, एवढीच अपेक्षा असेल तर गावठीला तोड नाही.

तगरीची रीत वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. तगरीची फांदी सरळ वाढत जात नाही. ती थोडी वाढते, दुभंगते, आणि त्या बेचक्यात फुलांचा घोस धरते. दोन्ही फाटे पुन्हा थोडे वाढतात, पुन्हा दुभंगतात, पुन्हा बेचक्यात फुलं. एकाचे दोन, दोनाचे चार. त्यामुळे तगर जुनी होत जाते तशी जास्त फुलते. तिची कळी संध्याकाळी टोकाला पीळ घातलेली, घट्ट असते. सकाळी पाकळ्या उलगडतात तेव्हाही तो पीळ पूर्ण सुटत नाही, त्या भिंगरीसारख्या वळलेल्या राहतात. अर्धवट उन्हातही तगर नाराज होत नाही. इमारतींच्या गर्दीत जिथे जेमतेम तीन-चार तास ऊन पोचतं, तिथे मी डोळे मिटून तगर सुचवते. एकेरी की डबल, हा आवडीचा प्रश्न; डबल तगरीला रात्री जास्त सुवास येतो, एकेरीचा आकार अधिक देखणा.

एक्झोरा फांदीच्या अगदी टोकाला गुच्छ धरते. गुच्छ बरेच आठवडे टिकतो, पण तो संपला की ती फांदी तिथेच थांबते. सुकलेला गुच्छ खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापला की तिथून लवकर दोन नव्या फांद्या निघतात आणि दोघींच्या टोकाला पुन्हा गुच्छ येतात. जे लोक सुकी फुलं ‘आपोआप गळतील’ म्हणून सोडून देतात, त्यांची एक्झोरा वर्षातून दोन-तीनदाच फुलते. पुण्यात तिची आणखी एक तक्रार असते. हे दक्षिणेकडच्या ओलसर, आम्लधर्मी मातीतलं झाड. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर तिची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण तिला ते उचलता येत नाही. भरपूर पालापाचोळ्याचं खत आणि अधूनमधून चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून दिलं की पानं पुन्हा गडद होतात. कोकणात तिला यातलं काहीच लागत नाही. तांबड्या मातीत ती कुंपणालाही लावतात.

आता शेवंतीचं. ती बहुवर्षायू आहे, बुडाशी सकरं फुटतात, वर्षानुवर्षं जगते. तरीही तिला बारमाही फुलांच्या यादीत घालता येत नाही, कारण ती फुलायचं की नाही हे रात्रीच्या लांबीवरून ठरवते. पावसाळा सरताना रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिच्या कळ्या धरतात. तिला खत वाढवलं, पाणी वाढवलं, जागा बदलली तरी एप्रिलमध्ये ती त्या जोमाने फुलणार नाही. उलट गॅलरीतला दिवा रात्रभर तिच्या डोक्यावर चालू राहिला तर कळी लांबते. व्यापारी शेतीत याच गुणाचा उपयोग करून, रात्री दिवे लावून फुलं हव्या त्या तारखेला आणतात. मोगऱ्याचंही आपलं वेळापत्रक आहे. हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, छाटणी करायची, मग पाणी सोडलं की नव्या फुटीबरोबर कळ्या येतात आणि उन्हाळाभर ओंजळी भरतात. मोगऱ्याला वर्षभर फुलवायचा हट्ट मी कुणाला करू देत नाही. त्या चार महिन्यांसाठी एक कुंडी राखून ठेवावी, तेवढी त्याची योग्यता आहे.

झाड फुलायचं थांबतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे बी. गोकर्णीचा वेल पाहा. निळी फुलं भराभर येतात, मग शेंगा लोंबू लागतात आणि फुलं कमी होतात. झाडाची सगळी ताकद बियांकडे वळते. शेंगा कोवळ्या असतानाच खुडल्या की वेल पुन्हा फुलावर येतो. ज्या जातींना बीच धरत नाही त्या म्हणूनच दीर्घकाळ फुलतात. गोव्यात, कोकणात, दक्षिणेत गजऱ्यासाठी लावली जाणारी अबोली घ्या. तिच्या कणसावर फुलं खालून वर उमलत जातात, एक कणीस आठवडेच्या आठवडे चालतं. बी धरणाऱ्या अबोलीची वाळलेली बोंडं पाणी लागताच फट्‌दिशी उडतात आणि कुंडीभर रोपं उगवतात. पण ‘दिल्ली’ नावाची भडक नारिंगी अबोली त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत. तिला बी होत नाही. ती फक्त छाट कलमांनी वाढवतात. इंग्लंडातल्या बागांमध्ये ‘रोझॅन’ नावाच्या निळ्या जिरेनियमची कीर्ती अशाच कारणाने झाली. तेही बी धरत नाही आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. 2013 साली चेल्सीच्या प्रदर्शनात त्याला शतकातलं झाड म्हणून गौरवलं गेलं. आपल्याकडे ते उन्हाळा काढणार नाही, पण नर्सरीत विचारण्यासारखा प्रश्न त्यातून मिळतो: या जातीला बी धरतं का?

उन्हाकडे परत येते, कारण निवड खरी तिथेच चुकते. ऊन मोजायचं ते एका दिवसाचं नाही. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य माथ्यावर असतो. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीला दुपारचं ऊन जवळजवळ मिळत नाही. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेकडे इतका उतरतो की ऊन खोलीच्या आतवर येतं. म्हणजे थंडीत दक्षिणेच्या गॅलरीत ‘दिवसभर ऊन आहे’ असं पाहून आणलेली बोगनवेल पावसाळ्यात हिरवीगार होऊन बसते, यात झाडाचा काही दोष नाही. पूर्वेची गॅलरी त्या मानाने बारा महिने सारखी वागते. तिथे जास्वंद, तगर, टर्नेरा छान चालतात. टर्नेराची पिवळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा सकाळी घरात असणाऱ्यांनीच ती लावावी. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी बोगनवेल, कण्हेर आणि सदाफुली. उत्तरेला फुलांचा आग्रह सोडून पानांची झाडं लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. निळा चित्रक आणि हॅमेलिया यांना मात्र शक्यतो जमीन द्यावी, नाही तर मोठा ड्रम. हॅमेलियाच्या नारिंगी नळ्यांवर शिंजीर दिवसभर येतात, आणि ते झाड कुंडीत कोंडलं की तेवढं फुलत नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर कण्हेर नको. तिचं पान, फूल, काडी, सगळंच विषारी. सदाफुलीही पोटात जाता कामा नये.

रोप पक्कं ठरलं की पिशवीच्या तळाशी बघायचं. भोकातून पांढऱ्या मुळ्या डोकावत असतील तर उत्तम. जाड, तपकिरी मुळ्यांचं वेटोळं दिसलं तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकून पडलंय. बाहेरगावाहून ट्रकने आलेल्या रोपांच्या मुळाशी बऱ्याचदा चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर पाणी भोवतालच्या भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. लावण्याआधी गोळा बादलीत बुडवून मऊ करावा, कडेची माती बोटांनी हलकेच सोडवावी, मुळांना धक्का न लावता.

पुढचं वर्षभराचं काम कात्रीचं. नव्या फुटीवर फुलणाऱ्या झाडाला छाटणी हवीच, पण सगळं झाड एकदम बोडकं केलं तर दोन-अडीच महिने फूल दिसत नाही. जाणकार माळी एका वेळी तिसरा हिस्सा फांद्याच कापतात. त्या फुटेपर्यंत उरलेल्या फुलत राहतात. नव्या फांद्यांवर कळ्या दिसल्या की पुढचा तिसरा हिस्सा. काप डोळ्याच्या जरा वर, तिरका, आणि तो डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला निवडायचा, म्हणजे झाड आत दाटत नाही. छाटणीनंतर मूठभर शेणखत, थोडी निंबोळी पेंड. नत्राचं खत भसाभस घालू नये, त्याने पानं माजतात आणि मावा हमखास येतो. आणि भाद्रपदात गणपतीसाठी घरचीच जास्वंद हवी असेल तर त्या हिश्श्यावर कात्री ज्येष्ठातच चालवून मोकळं व्हावं. आषाढाच्या अखेरीस कापलेली फांदी तोवर कळीला येत नाही.