परक्याच्या शेतातली हक्काची वाट

इंग्लंडमध्ये नवख्या माणसाला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी पाटी कोणती, असं विचाराल तर मी एखाद्या राजवाड्यावरची किंवा संग्रहालयावरची सांगणार नाही. गाव संपलं की एखाद्या कुंपणाशी एक लाकडी खांब उभा असतो. त्यावर हातभर फळी आणि फळीवर दोनच शब्द : 'पब्लिक फूटपाथ'. फळीचं टोक जिकडे वळलेलं, तिकडे बघावं तर फरशी नाही, डांबर नाही. कुणाचं तरी हिरवंगार शेत आणि त्यात चरणारी पाचपन्नास मेंढरं. आपण बिचकतो. मालक ओरडला तर? कुत्रं अंगावर आलं तर? तेवढ्यात मागून सत्तरीच्या घरातलं एक जोडपं काठ्या टेकत येतं, आपल्याला 'मॉर्निंग' म्हणतं आणि फाटक उघडून खुशाल त्या शेतात शिरतं.

आपल्याकडे माणूस चालतो तो कामाला, देवाला, नाहीतर डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून दम भरला म्हणून. वारकरी पंढरपूरपर्यंत पायी जातो, पण त्याच्या चालण्याला विठोबा आहे. सह्याद्रीत गड चढणारी तरुण मंडळी आहेत, पण त्यांना गड सर करायचा असतो. कारणाशिवाय भटकण्याला घरोघरी एकच शब्द : उंडारणं! शेफिल्डला दोन वर्षं राहण्याचा योग आला आणि चाळिशी उलटल्यावर या उंडारण्याची चटक लागली.

शेफिल्ड हे पोलादाचं गाव. तिथून रविवारी आगगाडीत बसलं की अर्ध्या तासात एडेल नावाच्या चिमुकल्या खेड्याच्या स्टेशनावर उतरता येतं. 'पेनाइन वे' ही लांब पल्ल्याची पायवाट इथूनच सुरू होते आणि २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर उत्तरेकडे जाऊन स्कॉटलंडमधल्या कर्क येथम गावी संपते. १९६५ साली ती खुली झाली. आम्ही अर्थात ४३० किलोमीटरच्या भानगडीत पडलो नाही. सहा-सात मैल, पाठीवरच्या पिशवीत थालीपिठं आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा, एवढाच आमचा आवाका.

खरी गंमत नकाशाची. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मालकीच्या संस्थेचा नारिंगी कव्हराचा नकाशा कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात मिळतो. फ्रेंचांच्या स्वारीच्या धास्तीने १७९१ साली स्थापन झालेली ही संस्था, आज तिच्यावर पोसतात ते रविवारचे फिरस्ते. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर. त्यात शेताचा बांध न् बांध दाखवलेला असतो, आणि सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शनिवारी रात्री तो पसरायचा आणि बोटाने रेष धरून निघायचं. अर्धी सहल तिथेच होते. किती वेळ लागेल याचा आडाखा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच बांधून ठेवला आहे : तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. थालीपिठाच्या सुट्टीचा हिशेब मात्र त्यात नाही.

या डोंगराळ भागात शेतांना दगडाचे गडगे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, थेट कोकणातल्यासारखा. कोकणात गडग्याला बेडं असतं, तसे इथे गडगा ओलांडायला दगडी पायऱ्या किंवा लाकडी पायठे काढलेले असतात. माणूस चढून जातो, मेंढरू अडतं. कुठे 'किसिंग गेट' भेटतं. लहानशा अर्धगोल कठड्यात झुलणारं हे फाटक एका वेळी एकालाच सोडतं. फाटक दोन्ही बाजूंच्या खांबांना नुसतं टेकतं, म्हणून ते 'किसिंग'. बरोबरच्या मुलांना मात्र वेगळाच अर्थ सुचतो आणि ती खिदळत बसतात.

परदेशात राहणाऱ्याला कागद दाखवायची सवय लागते. व्हिसा दाखवा, घरभाड्याचा करार दाखवा, पगाराचा दाखला दाखवा. एकदा अशाच एका शेतात ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्याने आम्हाला पाहून गाडी थांबवली. साडी नसली तरी टिकली होती; आम्ही इथले नाही हे उघडच होतं. माझा हात सवयीने पर्सकडे गेला. त्याने फक्त हात लांब करून पुढचं फाटक कुठे आहे ते दाखवलं आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू केला. वाट चालणाऱ्याची, मग तो कुठलाही असो.

हे औदार्य नव्हे, कायदा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा नोंदलेल्या आहेत. जमीन मालकाचीच, पण तीवरून जायचा हक्क सर्वांचा. वीस वर्षं लोक बिनदिक्कत, राजरोस, न विचारता एखाद्या वाटेने जात राहिले, तर ती सार्वजनिक झाली असं तिथला कायदा धरून चालतो. शेतकऱ्याने शेत नांगरताना मधली वाट मोडली, तर पहिल्या नांगरटीपासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आपल्याकडे 'वहिवाट' म्हणतात ती हीच की! आपल्याकडेही १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. शेताकडे जाणारी वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो, आणि बांधावरून जाण्याच्या हक्कापायी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या तारखांना जातात. फरक एवढाच, की आपली वहिवाट स्वतःच्या शेतापर्यंत पोचण्यासाठी आहे, नुसत्या चालण्याच्या हौसेसाठी नाही.

तिथेही हौसेचा हक्क फुकट मिळालेला नाही. एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट नावाचं ६३६ मीटर उंचीचं पठार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जमीनदारांच्या ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होतं. वर्षातले थोडे दिवस बंदुका वाजायच्या, बाकी दिवस रखवालदार. आणि दोन्ही बाजूंना मँचेस्टर व शेफिल्डचे धुरात कोंडलेले कामगार. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या मँचेस्टरच्या तरुणाच्या पुढाकाराने काही शे माणसं उघडपणे त्या पठारावर चढली. रखवालदारांशी झटापट झाली. डर्बीच्या न्यायालयात खटला चालला आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. आपल्याकडे सविनय कायदेभंगात तुरुंग भरत होते, त्याच वर्षी तिकडे हे घडत होतं!

त्या शिक्षांनीच लोकमत चिडलं असं म्हणतात. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हेच देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. पठारांवर मनसोक्त हिंडण्याचा हक्क कायद्यात यायला मात्र २००० साल उजाडलं; आणि तोही इंग्लंडच्या थोड्याच जमिनीवर. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने त्याहून मोठं मन दाखवलं. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत गेला होता.

पठारावर आज रखवालदार नाही. काळ्या पीटच्या मातीत बूट घोट्यापर्यंत रुततो, धुकं आलं की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो, आणि वारा असा की किंडरचा धबधबा उलटा, वर उडताना दिसतो. लोक शहरात शेजाऱ्याशी बोलत नाहीत, इथे मात्र समोरून येणारा प्रत्येक जण हवेविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही.

मुलाकडे, लेकीकडे सहा महिने तिकडे जाऊन दिवाणखान्यात कंटाळणारे आईवडील हल्ली घरोघरी आहेत. त्यांनी एवढं करावं : जाताना बॅगेत चकल्या थोड्या कमी आणि पाण्यात न घसरणारे बूट जरूर घ्यावेत. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागाचा नकाशा 'ओएल १' क्रमांकाचा. ऊन पडलेलं दिसलं तरी रेनकोट सोडू नये. फाटक जसं सापडलं तसं ठेवावं, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. आणि वासरू बरोबर असलेल्या गाईपासून चार हात लांबूनच जावं. ती तिकडेही आपल्याकडच्यासारखीच मारते.