‘मीडिएटाइज्ड’ : माळव्यात आलेले एक विशेषण

माळव्याच्या इतिहासाची इंग्रजी साधने चाळताना ‘मीडिएटाइज्ड’ हे विशेषण वारंवार भेटते. आपले अनुवादक त्यापुढे ‘मांडलिक’ लिहून मोकळे होतात. हा पर्याय मला मान्य नाही. आणि मतभेद केवळ शब्दापुरता नाही.

शब्दाचे मूळ जर्मनीत आहे. पवित्र रोमन साम्राज्यात ज्या राजाचे नाते थेट सम्राटाशी, तो आपल्या शास्त्रीय परिभाषेत ‘अव्यवहित’ म्हणावा. १८०३ पासूनच्या नेपोलियनकालीन उलथापालथीत अशा कित्येक लहान राजांना शेजारच्या मोठ्या राजाच्या अमलाखाली जावे लागले. १८०६ मध्ये तर साम्राज्यच विसर्जित झाले. मानमरातब आणि काही हक्क उरले, थेट नाते गेले. राजे ‘व्यवहित’ झाले.

माळव्यात हाच शब्द उलट्या दिशेने चालला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांशी मंदसोरचा तह झाला आणि सर जॉन माल्कमने प्रदेशाचा बंदोबस्त हाती घेतला. येथील ठाकूर आधीपासूनच मराठी दरबारांना खंडणी देत होते. १८१९ चा रतलामचा करार पाहा : राजा पर्बतसिंहाने शिंद्यांना सालिमशाही ८४,००० रुपये द्यावेत, शिंद्यांनी तेथे फौज पाठवू नये, कारभारात वा वारसाहक्कात हात घालू नये, आणि या साऱ्याला हमी इंग्रजांची. आपल्या बेटम्याहून धारची वाट धरली, तर पलीकडे मुलथान, बखतगड येथील ठाकूरही धारच्या पवारांना अशाच हमीखाली खंडणी देत.

म्हणजे जर्मनीत थेट नाते तुटले. येथे लहान ठाकुराचे नाते नव्या सार्वभौम सत्तेशी जोडले गेले. मराठी दरबाराच्या हाती खंडणीचा आकडा राहिला, ती वसूल करण्याची तलवार गेली. ‘मांडलिक’ या शब्दात दोनच पक्ष दिसतात. तिसरा, म्हणजे जामीन राहिलेला इंग्रज, त्यात अदृश्य होतो. आणि या व्यवस्थेचे सारे मर्म तर त्याच्यातच आहे. रतलामची खंडणी १८४४ मध्ये ग्वाल्हेर कंटिंजंटच्या खर्चापोटी इंग्रजांकडेच वळली. जामीनदारच सावकार झाला!

‘मध्यस्थीकृत’ असा शब्द घडवता येईल. पण तो उच्चारताना ठाकूरसाहेबांनाच धाप लागायची. ‘हमी’ हा शब्द मराठीत रुळलेला असताना माळव्यापुरते ‘हमीचे संस्थान’ म्हणावे. जर्मन राजांविषयी लिहिताना मात्र ‘व्यवहित’च.