करारांवर तगलेले बेट

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर वसलेला मॉरिशस दिल्लीच्या राजकीय वर्तुळात प्रामुख्याने दोन कारणांनी चर्चेत येतो. एक म्हणजे त्या मार्गाने भारतात येणारी गुंतवणूक आणि दुसरे हिंदी महासागरातील चीनचा वावर. या चर्चेत खुद्द त्या देशाचा विचार मात्र अभावानेच होतो. वस्तुतः खनिज संपत्ती नसलेल्या या बेटाचा स्वातंत्र्योत्तर इतिहास म्हणजे इतरांशी झालेल्या करारांच्या आधारे उभे राहण्याचा आणि तो आधार सुटताच नवा शोधण्याचा इतिहास आहे.

ज्वालामुखीतून घडलेले मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे. रॉड्रिग्जसह अन्य बेटे धरली तरी देशाची भूमी २,०४० चौरस किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर येथे आणले. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणी कुटुंबांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि मराठी हा तेथील शाळांतून शिकवला जाणारा विषय आहे.

साखरेपासून भांडवलापर्यंत

वाढती लोकसंख्या आणि एकट्या उसावरचे अवलंबित्व यांमुळे या बेटाचे भवितव्य कठीण आहे, असा इशारा अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या आयोगाने १९६१ मध्ये दिला होता. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने तो खोटा ठरवला. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला आणि कापड गिरण्यांतून स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर रोजगार मिळाला. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोपने साखरेला हमीभाव दिला. तथापि, कापडासाठीची जागतिक कोटा पद्धत २००४ अखेर संपली आणि युरोपने २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. अवघ्या काही वर्षांत दोन्ही खांब खचले. मग भिस्त राहिली ती पर्यटनावर आणि वित्तीय सेवांवर.

या सेवांचा पाया भारताशी १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात होता. २००० पासून भारतात आलेल्या थेट परकीय भांडवलापैकी जवळपास चतुर्थांश मॉरिशसमार्गे आले. हा पैसा भारतातूनच फिरून येतो, हा आक्षेप संसदेत वारंवार उमटला आणि तो निराधार नव्हता. २०१६ च्या दुरुस्तीने एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या समभागांच्या नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. दिल्लीच्या दृष्टीने ही करचुकवेगिरीला आळा घालणारी सुधारणा होती. पोर्ट लुईच्या दृष्टीने मात्र आणखी एक खांब खचला.

शिक्षणाचा आधार

आता उरते ते मनुष्यबळ. मॉरिशसने १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केले. १९६५ मध्ये रेद्वी येथे स्थापन झालेले मॉरिशस विद्यापीठ शेतकी महाविद्यालयाच्या पायावर उभे राहिले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत भारतीय भाषांच्या पदवी अभ्यासाची सोय आहे. पुढे तंत्रज्ञान विद्यापीठ व मुक्त विद्यापीठही निघाले आणि जानेवारी २०१९ पासून सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पदवीचे शिक्षण निःशुल्क झाले. प्रदेशाचे ज्ञानकेंद्र होण्याच्या महत्त्वाकांक्षेपोटी परदेशी संस्थांच्या शाखांनाही दारे उघडली गेली. त्यातील काही भारतीय शाखांच्या मान्यतेवरून वाद झडले आणि या धोरणाच्या विश्वासार्हतेला धक्का बसला.

खरी अडचण याहून खोल आहे. मीड आयोगाला भीती होती ती अतिरिक्त लोकसंख्येची. आज प्रजननदर लोकसंख्या स्थिर ठेवण्याच्या पातळीखाली गेला आहे आणि परदेशी शिकण्यास गेलेले अनेक तरुण तेथेच स्थायिक होतात. सरकारी खर्चाने घडवलेले मनुष्यबळ देशातच राहील अशा नोकऱ्या निर्माण करणे ही तेथील सरकारपुढील कसोटी आहे.

भारताने अलीकडे लक्ष दिले ते मुख्यतः भूराजकीय बाजूकडे. आगालेगा बेटावरील धावपट्टीचे फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झाले. चागोस द्वीपसमूहाचे सार्वभौमत्व मॉरिशसला देणाऱ्या, मे २०२५ मध्ये ब्रिटनने केलेल्या कराराचेही दिल्लीने स्वागत केले. सप्टेंबर २०२५ मध्ये मद्रास आयआयटी आणि मॉरिशस विद्यापीठ यांच्यात झालेला सहकार्य करार त्यामानाने दुर्लक्षित राहिला. धावपट्टीमुळे भारताला सागरावर नजर ठेवता येते, हे खरे; पण ज्या देशाच्या सदिच्छेवर ती धावपट्टी टिकून आहे, त्याच्या तरुणांना काम आणि विद्या मिळण्याची सोय करणे हे त्याच धोरणाचे दुसरे अंग होय. कराराचा आधार काढून घेतल्यास काय होते, हे या बेटाने तीनदा अनुभवले आहे. चौथा आधार अधिक टिकाऊ असावा, यात भारताचाही स्वार्थ आहे.