एकच शेरवानी, दोन नवरदेव : बुकिंगच्या तारखा कशा तपासायच्या

कपडे, कॅमेरा, मंडप, काहीही भाड्याने देत असाल तर हे वाचाच.

दुकानाच्या दुसऱ्याच लग्नसराईत मी एक मरून शेरवानी 12 ते 15 मे एका पार्टीला दिली आणि 14 ते 16 मे दुसऱ्या पार्टीला बुक केली. दोन्ही नोंदी वहीत होत्या! पण मी पाहिलं काय, तर 14, 15, 16 ला कुठलं बुकिंग सुरू होतंय का. आधीच सुरू झालेलं नजरेतून सुटलं. ऐन हळदीच्या दिवशी फोन करून माफी मागावी लागली. डिपॉझिट परत केलं, ते वेगळंच.

उलटा विचार करा. दोन बुकिंग कधी भिडत नाहीत? एक संपल्यावरच दुसरं सुरू होतं तेव्हा. बाकी सगळं भिडतं. म्हणजे जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटापर्यंत आणि जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीला किंवा नंतर असेल, तर नाही म्हणा. 12 हे 16 च्या आधी, 15 हे 14 च्या नंतर. भिडलं!

गुगल शीटमध्ये वस्तू, सुरुवात, शेवट असे तीन कॉलम करा. काउंटइफ्सला तीन अटी द्या: वस्तू तीच आणि वरच्या दोन. नवी नोंद लिहिण्याआधी उत्तर 0 आलं तरच बुकिंग घ्या. तारखा मात्र तारीख म्हणूनच टाका, नुसती अक्षरं असतील तर तुलना होत नाही.

आणि ‘शेवट’ म्हणजे कपडा परत आला तो दिवस नव्हे. ड्रायक्लीन होऊन हँगरला लागला तो दिवस. माझा सगळ्यात जास्त घोळ इथेच व्हायचा.

आता चित्र. दुसऱ्या शीटमध्ये आडव्या तारखा, उभ्या वस्तू. प्रत्येक चौकोनात त्या दिवशी किती बुकिंग चालू आहेत ते मोजा. 1 ला हिरवा रंग, 2 किंवा जास्तला लाल. पांढरे पट्टे पण बघा बरं का, तो माल नुसता पडून आहे.

दोन काउंटर झाले की शीट पुरत नाही. दोघांनी एकाच वेळी तपासलं तर दोघांनाही 0 दिसतो. तेव्हा सॉफ्टवेअर करून घ्याल तर डेव्हलपरला विचारा, भिडणारी नोंद डेटाबेस स्वतः नाकारेल का? पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये तारखांचा पट्टा एकाच रकान्यात ठेवता येतो, आणि ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ लावला की दुसरी नोंद आतच जात नाही. मग काउंटरवर कितीही गर्दी असू दे.