विनोदवीराचं दुःख: दोष बियाण्याचा की पावसाचा?

परवा जालन्याला घरी होतो. टीव्हीवर ‘अलबेला’ लागला होता. भगवानदादांचा नाच बघून बाबा खूश झाले आणि पुढच्याच क्षणी म्हणाले, “एवढा मोठा माणूस, पण शेवट चाळीत. दुसऱ्यांना हसवणाऱ्यांचं असंच असतं बघ, आतून दुःखी.”

हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. ब्रिटनमध्ये असा विषय निघाला की टोनी हॅनकॉकचं नाव हमखास येतं. १९५४ पासून बीबीसी रेडिओवर गाजलेला हा विनोदवीर दारूत बुडाला आणि १९६८ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, सिडनीत त्याने आत्महत्या केली. पण दोन-चार दुःखी माणसं आठवली म्हणजे नियम सिद्ध झाला का?

यावर खरंच संशोधन झालंय. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये एक अभ्यास आला. त्यात ५२३ विनोदी कलाकारांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. विचित्र अनुभव येणं, लक्ष विचलित होणं, लोकांत मिसळण्यातला आनंद कमी वाटणं आणि उतावळेपणा, असे चार गुण त्यात मोजले होते. कलाक्षेत्राबाहेरच्या लोकांपेक्षा विनोदवीरांचे गुण चारही बाबतींत जास्त निघाले. झालं! ‘विनोदवीर वेडसर असतात’ असाच अर्थ अनेकांनी काढला.

इथे जरा थांबा. ही प्रश्नावली आजार मोजत नाही. ती निरोगी माणसांच्या स्वभावातल्या छटा मोजते. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्या माणसाच्या डोक्यावर कर्ज किती आणि हातात काम किती, हे ती विचारतच नाही.

आता भगवानदादांकडे या. भगवान आभाजी पालव, जन्म १९१३. वडील गिरणी कामगार, स्वतः दादांनीही मजुरी केलेली. कुस्तीचा नाद होता. मूकपटांपासून सुरुवात करून १९३८ मध्ये ते दिग्दर्शक झाले. कमी पैशांत मारामारीचे सिनेमे काढायचे आणि कामगार वस्तीतला प्रेक्षक ते डोक्यावर घ्यायचा. १९४२ मध्ये ते निर्माते झाले, १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा ‘जागृती’ स्टुडिओ उभा केला. मग १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. गीता बाली नायिका, सी. रामचंद्र यांचं संगीत. तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात गाड्या होत्या असं सांगतात.

तेच यश पुन्हा मिळवायला त्यांनी ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) काढले. ‘अलबेला’ची जादू काही परत आली नाही. स्टुडिओ, बंगला, गाड्या, एकेक करत सगळं गेलं. पुढे पोटासाठी छोट्या-छोट्या भूमिका, बऱ्याचदा गाण्यात मिनिटभर नाचायचं काम, आणि मुक्काम दादरच्या चाळीत. २००२ मध्ये ते गेले.

यात स्वभावाचा भाग किती? हिशोब करून बघा. नुसत्या नटाचा सिनेमा पडला तर त्याचं नाव खराब होतं, पण मानधन बहुतेक खिशात आलेलं असतं. निर्मात्याचा सिनेमा पडला की घरदार पणाला लागतं. भगवानदादा एकाच वेळी नट, दिग्दर्शक, निर्माता आणि स्टुडिओमालक होते. सिनेमा चालला तर चारही खिसे भरणार, पडला तर चारही एकदम फाटणार. अशा ठिकाणी कितीही शांत डोक्याचा माणूस उभा केला तरी तो कोसळू शकतो.

आपण जालन्याचे, बियाण्यांच्या गावचे. शेत उगवलं नाही की शेतकरी आधी विचारतो, बी बोगस निघालं की पाऊस दगा देऊन गेला? दोन्ही तपासल्याशिवाय तो निकाल देत नाही. कलावंताच्या बाबतीत मात्र आपण थेट बियाण्याला दोष देऊन मोकळे होतो.

आणखी एक. २०१५ मध्ये ५३ ब्रिटिश व आयरिश विनोदवीरांवर एक अभ्यास झाला. त्यात जास्त विनोदी मानले गेलेले लवकर गेल्याचं दिसलं. लक्ष्मीकांत बेर्डे अवघ्या ५० व्या वर्षी गेले, ते लगेच आठवतात. भगवानदादा ८८ वर्षं जगले, ते मात्र या गोष्टीत बसत नाहीत म्हणून आपण सोडून देतो. एवढ्या थोड्या माणसांवरून नियम बांधायचा नसतो, आणि सोयीची उदाहरणं निवडून तर नाहीच नाही.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तो दुःखी नव्हता?” मी म्हटलं, असेलही. पण ‘हसवणाऱ्यांचं असंच असतं’ म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. ‘पैसे बुडाले आणि आधार नव्हता’ म्हटलं की निदान पुढच्या कलाकारासाठी काहीतरी करता येतं.

गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबायच्या, ‘अलबेला’ची गाणी वाजायची आणि दादा खाली येऊन त्याच झोकात नाचायचे, असं दादरची माणसं सांगतात. तुमच्याही गावात जत्रेत, वगात लोकांना हसवणारा कुणीतरी असेल. पुढच्या वेळी त्याला भेटलात तर तो आतून दुःखी आहे का हे शोधत बसू नका. यंदा काम किती मिळालं, तेवढं विचारा.