इब्राहिम फेरेर : बोलेरोसाठी थांबलेला आवाज

आज आपण क्यूबाचे गायक इब्राहिम फेरेर यांच्याविषयी बोलणार आहोत. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात : हवाना शहरात बूट पॉलिश करणारा एक म्हातारा होता, परदेशी लोकांनी त्याला शोधून काढलं आणि तो जगप्रसिद्ध झाला. ऐकायला छान आहे, पण गोष्ट अर्धीच आहे. जो माणूस चौदाव्या वर्षापासून बँडमध्ये गात होता, त्याला ‘शोधून काढलं’ कसं म्हणायचं? म्हणून आपण आधीपासून सुरुवात करू.

जन्म २० फेब्रुवारी १९२७ चा. क्यूबाच्या पूर्व भागात सांतियागो हे मोठं शहर आहे, त्याच्याजवळचं सान लुईस हे त्यांचं गाव. आई एका नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या, असं ते स्वतः सांगत. बारा वर्षांचे असताना आई गेली. मग काय, रस्त्यावर खाऊ विकायचा आणि गायचं, असं सुरू झालं. १९४१ मध्ये नात्यातल्या एका भावाबरोबर त्यांनी घरगुती समारंभांत गाणारा छोटा बँड काढला. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री गाणं.

आता ते गात काय होते? या भागाचं मुख्य संगीत म्हणजे ‘सोन’. स्पॅनिश गिटारीची परंपरा आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची तालवाद्यं यांच्या मिलाफातून ते तयार झालं. त्यात ‘ट्रेस’ असते, म्हणजे तारांच्या तीन जोड्यांचं गिटारीसारखं वाद्य. शिवाय बोंगो, माराका आणि ‘क्लावे’ नावाच्या दोन लाकडी काठ्या. क्लावेचा ठेका सगळ्यांना बांधून ठेवतो. आपण हातानेच करून बघू. मनात एक ते आठ मोजा. टाळी द्यायची एकवर, मग दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये, मग चारवर. पुढे सहावर आणि सातवर. तीन टाळ्या, मग दोन. दुसरी टाळी चुकते ना? सगळी गंमत तिथेच आहे.

सोनच्या सुरुवातीला बांधलेलं गाणं असतं. नंतर कोरस एकच ओळ धरून ठेवतो, आपल्याकडे झीलकरी धरतात तशी, आणि मुख्य गायक मधल्या जागा आयत्या वेळी सुचेल त्या शब्दांनी भरतो. इथे जीभ चपळ लागते, विनोद लागतो. फेरेर यांच्याकडे ते भरपूर होतं. १९५० च्या दशकात ‘चेपीन-चोवेन’ या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी गायलेलं ‘एल प्लातानाल दे बार्तोलो’, म्हणजे बार्तोलोची केळीची बाग, चांगलंच गाजलं.

पण त्यांचं मन होतं बोलेरोत. बोलेरो म्हणजे संथ प्रेमगीत. तेही सांतियागोचंच. पेपे सांचेस या शिंप्याला एकोणिसाव्या शतकातल्या क्यूबन बोलेरोचा जनक मानतात. त्या काळचे सगळ्यांचे लाडके गायक बेनी मोरे सोन आणि बोलेरो दोन्ही सारख्याच ताकदीने गात. फेरेर यांनाही तसंच हवं होतं. त्यांना मात्र सांगितलं गेलं की तुझा आवाज बोलेरोचा नाही. आणि ते एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

हे नीट समजून घ्यायला हवं. नाचाच्या बँडमध्ये कामं वाटलेली असतात. जलद गाण्यांवर लोक नाचतात, त्यासाठी हुकमी माणूस मिळाला की त्याला तिथून हलवायला कोणी तयार नसतं. त्यात कुणाचा दुष्टपणा असायलाच हवा असं नाही. १९५३ पासून ते पाचो आलोन्सो यांच्या बँडमध्ये होते, १९५९ मध्ये बँडबरोबर हवानाला आले, पुढे ‘लोस बोकूकोस’मध्ये अनेक वर्षं गायले. बोलेरो मात्र राहूनच गेला. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाची मदत थांबली, निवृत्तिवेतनात भागेना. बूट पॉलिश आली ती अशी.

मार्च १९९६ मध्ये हवानाच्या जुन्या एग्रेम स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू होतं. ज्येष्ठ कलावंतांना एकत्र आणत होते हुआन दे मार्कोस गोन्सालेस, स्वतः क्यूबनच. फेरेर यांना घेऊन आले तेही तेच. म्हणजे आपल्याच माणसाने आपल्या माणसाची आठवण ठेवली. निर्माते निक गोल्ड आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर तिथे होते. फेरेर यांनी ‘कांदेला’ गायलं, ते सोन. आणि ‘दोस गार्देनियास’ गायलं, तो बोलेरो! वय एकोणसत्तर.

१९९७ च्या ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. १ जुलै १९९८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. १९९९ मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. २००० मध्ये लॅटिन ग्रॅमीने त्यांना ‘सर्वोत्तम नवोदित कलाकार’ ठरवलं, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. हसू येतं खरं, पण या विनोदात बोचणारं काहीतरी आहे. २००४ मध्ये पुन्हा ग्रॅमी मिळालं, तर अमेरिकेने व्हिसाच दिला नाही.

६ ऑगस्ट २००५ ला ते हवानात गेले. तेव्हा ते बोलेरोंच्याच अल्बमवर काम करत होते. तो त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. नाव ‘मी सुएन्यो’, म्हणजे माझं स्वप्न.

आम्हाला वाटतं, हे नशीब उघडण्याची गोष्ट म्हणून सांगू नये. ज्यांना असंच ‘तुझा आवाज याचा नाही’ म्हटलं गेलं आणि जे १९९६ पर्यंत जगले नाहीत, त्यांची गाणी आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाहीत. घरी गेल्यावर ‘कांदेला’ आणि ‘दोस गार्देनियास’ एकापाठोपाठ ऐका, आणि हा आवाज बोलेरोचा आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.